धरायला हात नव्हते

काही आठवड्यांपूर्वी अक्कलकोट रोडकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांना जीबीएस झालाय, ते व्हेंटिलेटरवर आहेत आणि माझा नंबर त्यांना दवाखान्यातल्या एका सिस्टरनं दिला होता. बाई आधी औषधांबद्दल विचारत होत्या. त्यातलं मी काय सांगणार, मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ताई, ह्यांना आतून काय वाटत असेल हो? आमचं बोलणं ऐकू जात असेल का?"

"ऐकतायत," मी म्हणाले. "सगळं ऐकतायत."

पुढचं फोनवर बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. त्या बाईंसाठी, आणि ज्यांचं माणूस आयसीयूच्या काचेपलीकडे निपचित पडलेलं आहे अशा कुणाहीसाठी. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे यात देव येणार. त्याला वगळून मला माझा आजार सांगता येत नाही.

रविवार

आमच्या चर्चमध्ये पायपेटी मी वाजवते. वडील गेल्यापासून वाजवत आले. त्या रविवारी दुसरं गीत सुरू होतं आणि पेटीतली हवा कमी पडायला लागली. मला वाटलं भाता फाटला. खाली बघितलं तर माझे पाय पॅडलवर नुसते ठेवलेले होते. मी ते दाबत होते, म्हणजे मला वाटत होतं की मी दाबतेय, आणि ते दाबले जात नव्हते. सूर खाली खाली गेला आणि बंद पडला. लोक गात राहिले.

त्याआधी आठ-दहा दिवस माझं पोट बिघडलं होतं. मग तळपायांना मुंग्या आल्या. थंडीचे दिवस, मी पायमोजे घातले आणि विसरले. त्या रविवारी प्रवचनाला पाळकसाहेबांनी बुडणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं. देव वरून दोर टाकतो, पण दोर घट्ट धरायचं काम आपलं. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, मनानं फार चांगले. मी पेटीजवळच्या स्टुलावर बसून ऐकत होते आणि मांड्या चाचपून बघत होते.

भक्ती संपल्यावर उठायला गेले आणि पडले. विलासनं, माझ्या नवऱ्यानं, उचलून रिक्षात घातलं.

हातोडी

डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या पायावर मारली. तोही नाही. हातोडी खिशात ठेवायला डॉक्टरांना जरा जास्तच वेळ लागला. पाठीतून पाणी काढलं, नसांना विजेचे झटके देऊन तपासलं आणि संध्याकाळी आजाराचं नाव सांगितलं, जीबीएस. शरीर स्वतःच्याच नसांवर उठतं. पायांपासून वर चढत जातं. कुठपर्यंत चढेल ते आत्ताच सांगता येत नाही. बहुतेक माणसं यातून बरी होतात, पण वेळ लागतो.

विलासनं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. मी मधलं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातातून निसटला. त्यानंतर बोलताना जीभ जड झाली. मग श्वास पुरेना, आणि मला खाटेसकट आयसीयूकडे नेलं. लिफ्टच्या दारापर्यंत विलास माझा हात धरून चालत होता. त्याची पकड मला कळत होती. मला त्याचा हात दाबून काहीतरी सांगायचं होतं. माझी बोटं त्याच्या हातात तशीच पडून राहिली.

लोकांना वाटतं लकवा म्हणजे बधिरपणा. जीबीएसमध्ये तसं नसतं. मला स्पर्श कळत होता, चादरीची सुरकुती पाठीला टोचत होती, सांध्यांत ठणका होता. फक्त मी कशालाच उत्तर देऊ शकत नव्हते. त्या बाईंना मी हे सांगायला हवं होतं: यजमानांचा हात धरा. ते परत दाबत नसले तरी धरा.

आतलं

तोंडात नळी, नाकात नळी. डोळे नीट मिटत नव्हते, ते सुकू नयेत म्हणून थेंब घालून वर कागदी पट्टी लावायचे. त्यामुळे मला दिसायचं नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. मशीनचा फुसकारा, पलीकडच्या खाटेवरचं कण्हणं, सिस्टरच्या चपला. ललिता नावाची एक सिस्टर होती, शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली. ती मला तेलुगूत अक्का म्हणायची आणि काहीही करण्याआधी सांगायची. "अक्का, आता कूस बदलते. अक्का, थंड लागेल हं." बाकीचे मला वळवायचे, ललिता मला सांगून वळवायची. एकदा तिनं गरम पाण्यानं माझे केस धुतले. त्या दिवशी मी माणसात होते.

आता जे लिहायचं ते जरा अवघड आहे. माझे वडील सुवार्तिक होते. करमाळ्याकडच्या गावांतून सायकलवर फिरून ते देवाचं वचन सांगायचे. आम्हा भावंडांना त्यांनी धर्माची प्रश्नोत्तरी पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. तारण कुणाचं काम? देवाचं. कुणाला तारायचं ही निवड कुणाची? देवाची. आपल्या कुठल्या गुणामुळे? कुठल्याच नाही, केवळ कृपेनं. मी आयुष्यभर हे बिनचूक म्हणत आले. दुसऱ्यांना शिकवलं. मला वाटायचं, अशा प्रसंगी ते सगळं माझ्या उपयोगी पडेल.

नाही पडलं. औषधांच्या गुंगीत माझी प्रार्थना अर्ध्यात तुटायची. "हे बापा" म्हणून पुढे काही सुचायचं नाही. पाठ असलेली स्तोत्रं ओळी गाळून यायची. लोक विचारतात, तिथं देव जवळ जाणवला असेल ना? तसं लिहायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. मला तो जाणवला नाही. मला तो हवा होता, एवढंच. लहान मूल यात्रेत हरवल्यावर त्याला आईचा चेहराही धड आठवत नाही, नुसती आई हवी असते, तसा हवा होता. दिवसभर, कूस बदलली तरी, कफ ओढायची सक्शनची नळी घशात गेली तरी, तेच एक चाललेलं असायचं. कधी ये म्हणायचे, कधी तेही नाही.

पाळकसाहेब आले. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि कानाशी वाकून म्हणाले, "करुणाताई, प्रभूला घट्ट धरून राहा. सोडू नका."

त्यांचा हेतू चांगला होता. पण ते गेल्यावर मला खूप भीती वाटली. धरू कशानं? माझ्याजवळ धरायला काही उरलेलंच नव्हतं, हात तर नाहीच, मनही नाही.

दोघांचं भांडण

माझा धाकटा भाऊ शांतवन श्रीपूरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गळीत हंगाम ऐन भरात होता. तरी तो एक दिवसाआड येत होता, एसटीनं, अंगाला मळीचा वास घेऊन. तो चर्चला येत नाही, याला आता बरीच वर्षं झाली. पप्पांच्या मागं त्यानंच सुवार्तिक व्हायचं, असं घरात सगळे धरून चालले होते. कॉलेज संपता संपता तो एका रविवारी घरीच बसला आणि नंतर कधी आला नाही. भांडण नाही, काही नाही. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. त्याला ते माहीत आहे आणि तो त्यावर काही बोलत नाही.

तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, गळ्याला छोटं भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. विलास हो म्हणेना. डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत बोलावलं, सगळं परत समजावलं आणि विचार करा म्हणून बाहेर गेले. दुपारची वेळ होती. माझ्या डोळ्यांवर पट्टी, मी गुंगीत आहे असं दोघांनाही वाटत होतं. ते माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत होते, माझ्या अंगावरून.

"दाजी, किती टाळणार?" शांतू म्हणाला. "तोंडात जखम झालीय तिच्या."

"प्रार्थना गटातली सगळी माणसं उपास धरून आहेत," विलास म्हणाला. "ते म्हणतात, आता गळा कापायला हो म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं. देव करणारच आहे, आपण मध्ये घाई करायची नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तुला काय? तुझा कशावरच विश्वास नाही."

मशीनचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं शांतू निघून जाईल.

विलास माझ्यासारखा जन्मानं ख्रिस्ती नाही. तो शेतकरी घरातला, तरुणपणी मोठ्या दुखण्यातून उठला आणि तेव्हा विश्वासात आला. घरची माणसं तुटली तरी त्यानं सोडलं नाही. त्यामुळे प्रार्थनेनं माणूस उठतं, ही त्याच्यासाठी ऐकीव गोष्ट नाही. असा माणूस त्या दुपारी माझ्या खाटेचा कठडा धरून हमसून रडायला लागला. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

"मीच कमी पडतोय, शांतवन," तो म्हणाला. "मी उठलो तेव्हा माझ्यासाठी प्रार्थना करणारी माणसं मला पुरी पडली होती. मी हिला पुरा पडत नाहीय. माझा विश्वास कुठंतरी कच्चा आहे, म्हणून ही अशी पडलीय."

"असं कोण म्हणालं?"

"सगळ्यांना तेच वाटतं. बोलत नाहीत."

मग शांतू बोलला ते हळू, पण एकेक शब्द नीट लावून. आवाज त्याचा, बोलण्याची रीत पप्पांची.

"दाजी, माझा विश्वास नाही हे खरं आहे. पण पप्पांनी शिकवलेलं अजून पाठ आहे. तुमचा विश्वास तोलून देव काम करत असेल, तर पप्पा ज्याच्याविषयी सांगायचे तो हा देव नव्हे. पप्पा म्हणायचे, बुडणाऱ्याला दोर टाकून चालत नाही. तो बुडालेलाच असतो. त्याला हात कुठले? कुणीतरी खाली उतरून त्याला वर आणावं लागतं. सगळं काम आणणाऱ्याचं. ताई बुडालीय दाजी, तिला काही धरायला सांगू नका. तुम्ही पण बुडालाय. डॉक्टरांना हो म्हणा आणि जरा जेवून घ्या."

विलास म्हणाला, "तू हे सगळं म्हणतोस आणि तरी..."

"तरी," शांतू म्हणाला.

माझ्या पट्टीखालून पाणी येऊन कानात गेलं. नंतर ललितानं ते पुसलं. तिला वाटलं डोळ्यांत घातलेलं औषध ओघळलं.

विलासनं हो म्हटलं. आणि मी त्या दिवशी धरायचं सोडून दिलं. मला एकदम विश्वास आला असं नाही. देव तेव्हाही जाणवला नाही. पण मी पोहत नसले तरी चालेल, हे मला कळलं. तो येणार असेल तर खाली येईल. माझी निवड झाली असेल तर ती मी अशी पडण्याच्या कितीतरी आधी झालेली आहे, आणि मी अशी पडले म्हणून ती रद्द होणार नाही. पाठ केलेली उत्तरं मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी म्हणून दाखवली. ज्याला ती स्वतःसाठी खरी वाटत नव्हती, त्यानं.

अक्षरं

गळ्यात नळी बसली, तोंड मोकळं झालं. डोळ्यांवरच्या पट्ट्या दिवसा काढायला लागले. मला बुबुळं हलवता येत होती, वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. शांतूनं युक्ती काढली. तो क, ख, ग म्हणत जायचा, हवं ते अक्षर आलं की मी वर बघायचे. पहिल्याच दिवशी "पाय" एवढं सांगायला मला घाम फुटला. चादरीखाली एक पाय वाकडा राहिला होता.

एकदा त्यानं श्रीपूरहून हुरडा आणला. मला गिळता येत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. "निदान वास घे," म्हणून त्यानं मूठ माझ्या नाकाशी धरली. गळ्यातून श्वास चालत असला की नाकाला वास येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघत थांबला होता. मी वर बघितलं. हो.

विलास रोज शाळेआधी आमच्या मुलीला डबा करून द्यायचा, मग ऑफिस, मग दवाखाना. तो माझ्याशी पावसापाण्याचं, नळाला पाणी आलं की नाही त्याचं बोलायचा. प्रार्थना करायचं त्यानं बंद केलं होतं, आणि हे मी ओळखू नये अशी त्याची धडपड चालायची. मला त्याला सांगायचं होतं की काही बिघडलं नाही. पण एवढं मोठं वाक्य क, ख, ग मधून कसं काढणार?

म्हणून एका संध्याकाळी मी शांतूला अक्षरं दिली. प. र. थ. त्यानं मध्येच ओळखलं.

"प्रार्थना? पाळकसाहेबांना बोलवू?"

खाली. नाही.

"दाजींना?"

नाही.

त्यानं खुर्ची मागं सरकवली. "ताई, मला येत नाही ग. कोण ऐकतंय तेच मला माहीत नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. दुसरं मला काही येतच नव्हतं. शेवटी त्यानं लहानपणी आम्ही झोपताना म्हणायचो ती प्रार्थना म्हटली, सगळ्यांची नावं घेऊन, आई, पप्पा, गुरं, शेजारी, सगळे. पत्ता वाचून दाखवावा तशी, एका सुरात. आमेन म्हणून तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. पत्ता बरोबर होता, एवढं मला पुष्कळ झालं.

सांगोल्याच्या हौसाबाई

बोटं हलायला लागली तेव्हा मला वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडचे एक म्हातारे होते, अर्धांगवायूचे, आणि त्यांच्या उशाशी त्यांची बायको हौसाबाई. त्या सगळ्या वॉर्डाची चौकशी करायच्या. माझ्या गळ्याच्या नळीला आता झडप बसवली होती, घोगरं का होईना बोलता येत होतं.

पाळकसाहेब भेटून गेले त्या दिवशी निघताना म्हणाले, "देवानं तुम्हाला निवडलंय ताई, हे विसरू नका." ते गेल्यावर हौसाबाई माझ्याकडे सरकल्या.

"त्येनी म्हनलं देवानं निवडलं. कशासाटी वो? आजारासाटी व्हय?"

मला हसू फुटलं. हसू आलं ते खोकल्यासारखं, नळीतून. वॉर्डातली सिस्टर धावत आली.

"मंग आमच्या मालकालाबी निवडलंय की," हौसाबाई म्हणाल्या. त्याही हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. "खरं सांगा. तुमच्यात देव निवडून घेतो म्हंता. आमी त्यात कुटं बसतो?"

मी प्रश्नोत्तरीतलं काहीतरी सांगू शकले असते. पण समोर त्यांचा नवरा तोंडातून लाळ गाळत माझ्याकडे बघत होता, आणि मी आयसीयूतून नुकतीच आले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "निवडणारी मी नाही. ज्याच्या हातात आहे तो माझ्यापेक्षा फार दयाळू आहे, एवढंच मला ठाऊक आहे."

त्यांचं समाधान झालं नाही, दिसत होतं. माझंही झालं नव्हतं, आजही नाही. तो प्रश्न माझ्याजवळ राहिलेला आहे. त्यांनी डाळिंब फोडलं, दाणे वाटीत काढले आणि मला दाणे गिळता येत नाहीत म्हटल्यावर फडक्यातून पिळून रस काढला. चमच्याच्या टोकावर एवढासा. कितीतरी दिवसांत माझ्या जिभेला चव अशी मिळालीच नव्हती. मी तो थेंब तोंडात धरून बसले.

गॅलरीत

उन्हाळा लागला होता. शांतूचा हंगाम संपत आला होता. संध्याकाळी तो मला चाकाच्या खुर्चीतून वॉर्डाबाहेरच्या गॅलरीत न्यायचा आणि फिजिओनं शिकवलं तसे माझे हात कोपरातून वाकवायचा, सरळ करायचा. असं करता करता एकदा मी विचारलं, "शांतू, तू का सोडलंस?"

त्यानं हात वाकवायचा थांबवला नाही.

"सोडलं नाही ग. मिळालंच नाही. तुला आठवतं, चर्चच्या शिबिरात सगळी मुलं रडायची, तू पण. मी डोळे मिटून वाट बघायचो, आता माझी हाक येईल. पप्पांच्या तोंडाकडे बघून लई हवं वाटायचं. काही आलं नाही. पप्पाच शिकवायचे ना, निवड त्याची. मग मी समजलो काय समजायचं ते."

"अजून हवं वाटतं?"

"नाही," तो म्हणाला. "त्याचंच वाईट वाटतं. आधी हवं वाटायचं, मग तेही गेलं. आता नुसतं आठवतं की एके काळी हवं वाटायचं."

खाली रिक्षावाल्यांचा दंगा चालला होता. मी त्याला म्हणाले, "मला आत तो जाणवला नाही, शांतू. मला पण फक्त हवा होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला ते नवीन होतं. त्याची समजूत होती की मी आत देवाशी बोलत होते.

"मग एवढं कशावर काढलंस?"

"तू दाजींना जे सांगितलंस त्याच्यावर."

"तू ऐकलंस?"

"सगळं."

त्यानं माझा हात मांडीवर नीट ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली. डोळे पुसले नाहीत, नुसता वळून जरा वेळ उभा राहिला. मला खूप काही म्हणायचं होतं. तुला कुणी वगळलेलं नाही, असं ओरडून सांगायचं होतं. पण ते मला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही ते मी त्याला सांगणार नव्हते. मी फक्त त्याच्या पाठीकडे बघत राहिले आणि मला तो फार हवा होता, माझ्या शेजारी, चर्चमधल्या बाकावर.

भाकर

घरी आल्यावर चर्चला जायला आणखी काही आठवडे गेले. विलासला त्या रविवारी ऑफिसची ड्युटी होती. शांतू श्रीपूरहून आला, मला रिक्षात बसवलं, चर्चच्या पायऱ्यांवरून खुर्ची दोघा-तिघांनी उचलली. मला वाटलं तो बाहेर झाडाखाली थांबेल. तो खुर्चीशेजारी, बाकाच्या टोकाला बसला. उठबस करायला कुणीतरी लागेल, म्हणाला.

प्रभुभोजनाचा रविवार होता, प्रभूची आठवण म्हणून विश्वासणाऱ्यांनी भाकर घ्यायचा. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून पुढे येत होतं. माझा हात छातीपर्यंत यायचा, तोंडापर्यंत नाही. घरी विलास भरवायचा; इथं कसं होणार, हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. ताट शांतूकडे आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. पाळकसाहेब समोरून बघत होते.

शांतूनं एक तुकडा उचलला आणि माझ्या तोंडात घातला. मी चावून चावून गिळला, मला अजून गिळायला वेळ लागतो. तोवर ताट त्याच्या मांडीवर होतं. तो त्याच्याकडे बघत होता. मागच्या बाकावरची बाई हात पुढे करून थांबली होती. मग त्यानं ते तिच्याकडे दिलं.

परतताना रिक्षा सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली. ऊन रणरणत होतं.

"ताई," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "घ्यावंसं वाटलं मला."

मी श्वास रोखून धरला. आता मला तो रोखता येतो.

"मग?"

"मग काही नाही. घेतलं नाही. तसं कसं घेणार? पण वाटलं. किती वर्षांनी वाटलं."

माझ्या जिभेवर कितीतरी वाक्यं आली. मी पप्पांची मुलगी आहे, मला वचनं पाठ आहेत. एकही मी बोलले नाही. ते काम माझं नव्हतं. ज्याचं होतं तो ते करत होता, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी नुसतं शेजारी बसायचं होतं.

सिग्नल सुटला. शांतूनं माझी ओढणी उन्हासाठी डोक्यावर नीट ओढली. मी मनात एवढंच म्हणाले, बापा, तू सुरू केलंयस, आता तूच पुरं कर.